डिजिटल ट्रंकिंगसाठी स्कॅनर: फरक नेमका कुठे पडतो

डिजिटल ट्रंक प्रणाली (मोजक्या वारंवारिता अनेक गटांनी वाटून वापरण्याची रेडिओ यंत्रणा) ऐकण्यासाठी स्कॅनर, म्हणजे अशी संभाषणे शोधून ऐकवणारा रेडिओ, निवडताना पी२५, डीएमआर, एनएक्सडीएन अशा डिजिटल रेडिओ मानकांच्या नावांची यादी आधी पाहिली जाते. युनिडेनचे बीसीडी४३६एचपी आणि एसडीएस१०० तसेच व्हिसलरचा टीआरएक्स-१ यांचा विचार केल्यावर मात्र माझे ठाम मत झाले आहे, की टॉवरकडून आलेली लहर स्कॅनर कोणत्या पद्धतीने वाचतो, यावरच त्याची खरी योग्यता ठरते.

संभाषणाचा माग काढण्यात हे तिघेही समर्थ आहेत. ट्रंक प्रणालीत कोणत्याही गटाला कायमची वारंवारिता नसते. कोणत्या टॉकग्रुपचे (आपसांत बोलणाऱ्या गटाचे) बोलणे आता कोणत्या वारंवारितेवर चालू आहे, हे कंट्रोल चॅनेल अखंड सांगत असतो आणि स्कॅनर ते वाचून तिकडे वळतो. पी२५ मध्ये ही माहिती सेकंदाला ९६०० बिट या वेगाने येते, तर मोटोरोलाच्या जुन्या प्रणालींत ३६०० बिट या वेगाने. पी२५ च्या दुसऱ्या टप्प्यात १२.५ किलोहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर दोन संभाषणे आळीपाळीने चालतात, आणि तेही तिघांना उलगडता येते.

कसोटी लागते ती सिमुलकास्टमध्ये. येथे अनेक टॉवर एकाच वारंवारितेवर, एकाच वेळी, तेच बोलणे प्रसारित करतात; अंतरे वेगवेगळी असल्याने त्या लहरी किंचित पुढेमागे पोहोचतात आणि एकमेकींत मिसळतात. शिवाय अशा प्रणालींत बहुधा वापरल्या जाणाऱ्या मॉड्युलेशनमध्ये (लहरीवर माहिती चढवण्याच्या पद्धतीत) लहरीची कला (फेज) आणि उंची (अ‍ॅम्प्लिट्यूड) दोन्ही बदलत असतात. बीसीडी४३६एचपी आणि टीआरएक्स-१ यांची रचना जुन्या एफएम डिस्क्रिमिनेटरवर (वारंवारितेतील बदलांतून माहिती काढणाऱ्या परिपथावर) आधारलेली असल्याने ते मुख्यतः वारंवारितेतील बदल पाहतात, उंचीची माहिती वाटेतच गळते, आणि सिग्नलच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या असूनही आवाज तुटतो. अशा वेळी मोठा अँटेना लावण्याचा मोह होतो, पण त्याने बिघाड वाढूही शकतो. उलट अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारी सोय) किंवा एकाच टॉवरकडे रोखलेला दिशादर्शी अँटेना अधिक उपयोगी पडतो.

२०१८ मध्ये आलेल्या एसडीएस१०० ने या दुखण्याचे मूळच पकडले. त्यातील आय-क्यू ग्राहक (रिसीव्हर) लहरीची कला आणि उंची दोन्ही जपतो, त्यामुळे सिमुलकास्टमध्ये तो स्पष्टपणे सरस आहे. मात्र शेजारच्या प्रबळ प्रक्षेपणांनी तो विचलित होऊ शकतो आणि त्यासाठी दिलेले फिल्टर जागेनुसार बदलून पाहण्याचा संयम लागतो. युनिडेनमध्ये डीएमआर आणि एनएक्सडीएनसाठी स्वतंत्र पैसे भरावे लागतात, हे मला खटकते. टीआरएक्स-१ मध्ये डीएमआर मूळ किमतीतच मिळते. म्हणूनच परिसरात सिमुलकास्ट नसेल आणि डीएमआर भरपूर असेल, तर मी टीआरएक्स-१ च सुचवीन.

संगणक हाताशी असल्यास आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ ग्राहक) आणि एसडीआरट्रंक (ट्रंक प्रणाली उलगडणारे सॉफ्टवेअर) ही जोडी वेगळीच सोय देते: स्कॅनर एका वेळी एकच संभाषण ऐकवतो, तर येथे सुमारे २.४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील अनेक टॉकग्रुप एकाच वेळी नोंदवता येतात. मांडणी शिकायला वेळ लागतो आणि ती खिशात मावत नाही.

एईएस-२५६ या कूटपद्धतीने कूटबद्ध केलेले टॉकग्रुप यांपैकी कोणतेही साधन ऐकवू शकत नाही, आणि टेट्रा हे आणखी एक डिजिटल रेडिओ मानक या तिन्ही स्कॅनरना उलगडत नाही. त्यामुळे आपल्या भागातील प्रणाली कोणती, ती सिमुलकास्ट आहे का आणि तिचे कोणते गट खुले आहेत, हे पैसे मोजण्यापूर्वीच तपासावे.