सगळं टनेलमधून न्यावं, की वायरी बाजूने?

लोटस सेव्हन या छोट्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची किट कार (सुटे भाग घेऊन घरी बांधायची गाडी) बांधताना चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, रंगवून झाली की इंजिन बसवण्याआधी एक गोष्ट ठरवावीच लागते. पेट्रोलचा पाइप, ब्रेकचा पाइप आणि वायरिंगचा हार्नेस (एकत्र बांधलेला वायरींचा जुडगा) पुढून मागे न्यायचा कुठून? इथे ब्रिटनमध्ये मी घेतलेल्या किटच्या पुस्तिकेने तिन्ही गोष्टी मधल्या टनेलमधून, म्हणजे दोन सीटमधून लांबीने जाणाऱ्या बोगद्यासारख्या पोकळीतून, नेल्या होत्या. दुसरा पर्याय म्हणजे दोन्ही पाइप टनेलमध्येच ठेवायचे आणि हार्नेस तेवढा सीटच्या बाहेरच्या अंगाने, चासीच्या बाजूच्या नळीला धरून मागे न्यायचा. माझी गाडी दोन्ही प्रकारे चालवून झाली आहे.

पत्र्याच्या खालून पाइप नेण्याचा विचार मी धरतच नाही. सेव्हन इतकी बुटकी असते की रस्त्यावरच्या उंचवट्याचा पहिला फटका पाइपलाच बसेल, आणि आयव्हीए तपासणीतही (घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्याआधीची ब्रिटनमधली सरकारी तपासणी) तो अडेल.

टनेलची बाजू भक्कम आहे, हे आधीच सांगतो. दोन्हीकडे चासीच्या नळ्या असल्याने बाजूने कुणी धडकलं तरी पेट्रोलचा पाइप सुरक्षित राहतो. सेव्हनची कड म्हणजे एक नळी आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, त्यामुळे पेट्रोल तिथून न्यावं असं मला कधीच वाटलं नाही. शिवाय टनेलचा रस्ता सरळ आहे. क्युनिफरचा (तांबं-निकेलच्या मिश्रधातूचा) पाइप पुढच्या बल्कहेडपासून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पडद्यापासून, मागच्या ॲक्सलपर्यंत अखंड जातो, मधे एकही सांधा लागत नाही. मी साधारण फुटाफुटावर रबर लावलेल्या पी-क्लिपा (पाइप धरून ठेवणारे पट्टीचे चिमटे) मारल्या आणि पाइप टनेलच्या भिंतीला जितके वर घेता येतील तितके घेतले. खाली प्रोपेलर शाफ्ट (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) फिरत असतो आणि त्याचा जॉइंट तुटला तर तो पहिल्यांदा जवळच्या वस्तूंवरच झोडपतो. पेट्रोल एका भिंतीला आणि ब्रेक समोरच्या भिंतीला ठेवला.

इथपर्यंत दोन्ही पर्याय सारखेच. फरक आहे तो हार्नेसचा.

हार्नेस टनेलमध्ये असतानाच्या हिवाळ्यात ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद व्हायला लागला. ज्यांनी जुन्या गाड्या हाताळल्या आहेत ते लगेच म्हणतील, अर्थ गेला, म्हणजे करंट चासीमार्गे बॅटरीकडे परत नेणारा जोड सुटला. बरोबर आहे. फायबरच्या मडगार्डवर बसवलेल्या दिव्याला बॉडीतून अर्थ मिळत नाही, त्याच्यासाठी वेगळी वायर चासीपर्यंत आणावी लागते. माझ्या गाडीत ती वायर हँडब्रेकच्या मागे, टनेलच्या आत चासीला जोडलेली होती. तिथे पोचायचं तर सीट काढा, कार्पेट उचला, हँडब्रेकचं कव्हर सोडवा, मग टनेलच्या पत्र्याचे रिव्हेट ड्रिलने उडवा. एवढं झाल्यावरही हात आत गेला की डोळ्यांना काही दिसत नाही, आणि डोकं वाकवून दिसलं तर हात पोचत नाही. बिघाड निघाला तो क्रिम्प केलेल्या (दाबून बसवलेल्या) एका टर्मिनलचा. ते बदलायला काही मिनिटं लागली, पण रविवार सगळा उघडझाक करण्यात गेला.

माझं मत त्या दिवशी पक्कं झालं. पाइप आणि वायरी यांचा स्वभावच वेगळा. पाइप नीट वाकवून, टोक नीट फ्लेअर करून (फाकवून) बसवला की वर्षानुवर्षं त्याला हात लावावा लागत नाही, अधूनमधून खालून टॉर्च मारून पाहिलं की पुरतं. वायरींकडे मात्र घरी बांधलेल्या गाडीत सारखं यावं लागतं. आज मागचा फॉग लॅम्प, उद्या टाकीतलं पेट्रोल मोजणारा सेन्डर, परवा रिव्हर्सचा स्विच. ज्या वस्तूकडे पुन्हा पुन्हा जायचं आहे ती सगळ्यात अवघड जागी का ठेवायची?

आणखी एक गोष्ट मला बेचैन करायची. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. टनेलमध्ये पाइप पाझरला तर ती खालीच रेंगाळणार, आणि तिच्याच शेजारी जिवंत वायरी. घासून उघडी पडलेली वायर ब्रेकच्या पाइपला टेकली तर ठिणगीने पाइपला भोक पडू शकतं. वायरी पेट्रोलच्या वर आणि पाइपांपासून दूर बांधल्या तर हा धोका बराच कमी होतो, आणि अनेकांच्या गाड्या तशा व्यवस्थित चालतातही. मला ते अंतर तेवढ्या जागेत मनासारखं मिळालं नाही, इतकंच.

बाजूने नेण्यातही अडचणी आहेतच. ज्या अंगाला एक्झॉस्ट जातो ती बाजू पहिल्यांदाच वगळावी, त्या पत्र्याला हात लावून पाहिला की कारण कळतं. वायरीची लांबी थोडी वाढते. लांब वायरीत व्होल्टेज थोडं घसरतं, त्याची मला काळजी वाटत होती, पण २ चौ. मिमीच्या वायरीवर गाडीतल्या पेट्रोलच्या पंपाच्या आवाजात मला कधी फरक जाणवला नाही. सेव्हनमध्ये चढताना पाय टेकतो तिथेच हार्नेस येऊ शकतो, म्हणून मी तो खालच्या नळीच्या आतल्या अंगाला, इन्टिरियर पॅनेलच्या मागे नेला. पत्र्यातून जिथे जातो तिथे ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारी रबरी कडी, हवाच.

तुमची गाडी कोब्रा या स्पोर्ट्स कारच्या धर्तीची असेल आणि दोन्ही बाजूंना साइडपाइप (कडेने जाणारे एक्झॉस्ट) असतील, तर मात्र माझा सल्ला तसाच्या तसा घेऊ नका. तिथे वायरीही टनेलमधून न्याव्यात हे मला पटतं. फक्त टनेलचं झाकण रिव्हेटने बंद न करता स्क्रूने बसवा आणि अर्थचे सगळे जोड टनेलच्या बाहेर, बूटमध्ये (डिकीत) एका बोल्टवर आणा. सेव्हनवाल्यांनी आधीच टनेलमधून हार्नेस ओढला असेल तरी निदान एवढं करावं. अर्थचा बोल्ट बाहेर आला की निम्मा त्रास संपतो.

अजून काहीच बांधलं नसेल तर मी पाइप टनेलमध्ये आणि वायरी एक्झॉस्टच्या उलट बाजूने नेईन. इन्टिरियर पॅनेल स्क्रूवर ठेवा, हार्नेसबरोबर एक रिकामी नायलॉनची दोरी आतून ओढून ठेवा म्हणजे पुढची वायर तिला बांधून खेचता येते, आणि पॅनेल बंद करण्याआधी तिन्ही मार्गांचे फोटो काढा. ते आयव्हीएच्या वेळी दाखवायला उपयोगी पडतात.