गोयाची दोन आत्मचित्रे: १८१५ आणि १८२०

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातले १८१५ चे तैलचित्र आकाराने लहान, जेमतेम दीड फूट उंचीचे. सत्तरीला टेकलेला, ऐकू येणे कधीच बंद झालेला स्पॅनिश चित्रकार गोया त्यात एकटाच आहे. शर्टाची कॉलर उघडी, मान किंचित कललेली, मागे नुसता काळोख. दरबारी चित्रकार असूनही मानमरातबाची एकही खूण त्याने रंगवलेली नाही. चेहरा थकलेला आहे, पण नजर थेट आपल्यावर रोखलेली.

१८२० च्या चित्रात ती नजरच हरवते. आता अमेरिकेत मिनियापोलिसच्या कलासंग्रहालयात असलेले हे चित्र बरेच मोठे आहे आणि त्यात गोया एकटा नाही. डॉक्टर आर्रिएता यांनी त्याला मागून सावरून धरले आहे आणि औषधाचा पेला त्याच्यापुढे केला आहे. गोयाचे डोके मागे कलंडलेले, डोळे अर्धवट मिटलेले, बोटांनी पांघरूण घट्ट पकडलेले. ही बोटे नीट पाहा. सगळा जीव तिथे एकवटला आहे. मागच्या अंधारात काही अस्पष्ट चेहरे दिसतात. खाली त्याने स्वतः लिहिले आहे की १८१९ च्या अखेरीस, वयाच्या ७३ व्या वर्षी, जिवावरच्या दुखण्यातून या मित्राने त्याला वाचवले.

चेहऱ्याचा अभ्यास म्हणून पहिले सरस, यात वाद नाही. तरी मी दुसरेच निवडेन. आत्मचित्रात स्वतःला इतके असहाय दाखवून उजेडाचा मान दुसऱ्यालाही देणारे चित्रकार फार थोडे.