काल्पनिक साहसखेळाची झोळी: नवशिक्यांसाठीच्या एका पायथन प्रकल्पाचे परीक्षण

पायथन ही प्रोग्रामिंग भाषा शिकवणाऱ्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाच्या शेवटी विद्यार्थ्यांकडून एक मोठा प्रकल्प करून घेतला जातो. जादूगार, राक्षस, तळघरे आणि खजिने असलेल्या काल्पनिक खेळाचा डेटा स्ट्रक्चरचा (माहिती साठवण्याच्या मांडणीचा) भाग विद्यार्थ्याने स्वतः उभारायचा, असे त्याचे स्वरूप आहे. चित्रे नाहीत, आवाज नाही. पडद्यावर फक्त मजकूर उमटतो. खेळ म्हणून त्याची गोडी बेताचीच आहे, परंतु डेटाला आकार कसा द्यावा हे शिकवण्याच्या बाबतीत तो नवशिक्यांना दिल्या जाणाऱ्या बहुतेक स्वाध्यायांपेक्षा सरस ठरतो. त्याची तपासणी करणारी यंत्रणा मात्र त्याच्या तोडीची नाही.

पहिल्या टप्प्यात खेळाडूची झोळी, म्हणजे इन्व्हेंटरी, डिक्शनरीत (जोड्यांच्या संग्रहात) ठेवायची असते: वस्तूचे नाव ही की, म्हणजे शोधण्याची खूण, आणि नग ही व्हॅल्यू, म्हणजे तिच्यापुढची नोंद. झोळीत चांदीची नाणी 40, औषधाच्या कुप्या 3 आणि किल्ली 1 अशा नोंदी असतात, आणि गुहेत सापडलेली लूट त्यांत मिळवायची असते. काम सोपे वाटते, पण प्रकल्पकर्त्यांनी येथे एक सापळा मुद्दाम रचला आहे. डिक्शनरीची अपडेट ही मेथड (तयार क्रिया) हाताशी असल्यामुळे पुष्कळ विद्यार्थी तीच वापरतात. तसे केले की लुटीत 5 नाणी मिळालेल्या खेळाडूकडे 45 नव्हे, तर 5च नाणी उरतात, कारण अपडेट जुनी व्हॅल्यू पुसून नवी लिहिते. पायथनसोबतच येणाऱ्या कलेक्शन्स मॉड्यूलमधील काउंटर या मोजणीसाठीच्या डिक्शनरीची त्याच नावाची मेथड मात्र बेरीज करते. हा फरक आधी सांगून न टाकता विद्यार्थ्याला त्याच्या गरीब झालेल्या खेळाडूकडे बघत बसवले आहे, ही निवड मला आवडली. वस्तू विकण्याच्या उपटप्प्यात हाच काउंटर उलटतो: सबट्रॅक्ट मेथड शून्याखालीही जाते आणि झोळीत उणे 2 कुप्या दिसू लागतात, तर वजाबाकीचे चिन्ह वापरल्यास शून्य आणि उणे नोंदी आपोआप गळून पडतात. दोन्ही वर्तने पायथनच्या दृष्टीने बरोबरच आहेत. खेळाला कोणते हवे, हे विद्यार्थ्याने ठरवायचे.

प्रकल्पाचा खरा कस तिसऱ्या टप्प्यात लागतो. तोपर्यंत प्रत्येक वस्तू मोजता येत होती. आता तलवारी येतात, आणि प्रत्येक वाराबरोबर तलवारीची धार कमी होत जाते. दोन तलवारी आहेत, एक नवी आणि एक बोथट, तर ‘तलवार: 2’ या नोंदीत बोथटपणा लिहायचा कुठे? नावातच धार जोडून ‘तलवार-70’ अशी की बनवणारे विद्यार्थी लवकरच अडकतात, कारण पुढच्याच वाराला ती की बदलावी लागते. सगळी झोळी लिस्टमध्ये (क्रमवार यादीत) ओतणाऱ्यांना 40 नाण्यांसाठी 40 नोंदी सांभाळाव्या लागतात. नीट विचार केल्यावर हाती येणारी मांडणी अशी, की वस्तूचा प्रकार (नाव, वजन, किंमत) एका जागी एकदाच लिहायचा, ज्या वस्तू एकमेकींसारख्या आहेत त्यांचे फक्त नग मोजायचे आणि जिला स्वतःची अवस्था आहे ती प्रत्येक वस्तू स्वतंत्र ऑब्जेक्ट (स्वतःची माहिती बाळगणारा घटक) म्हणून ठेवायची. ही अडचण निव्वळ पाठ्यपुस्तकी नाही. 1987 सालापासून खेळल्या जाणाऱ्या नेटहॅक या खेळात झोळीतील प्रत्येक नोंदीला एक रोमन अक्षर मिळते आणि लहान-मोठी मिळून अक्षरे 52च असतात. सारख्या बाणांचा ढीग एका अक्षराखाली मावतो, परंतु शापित बाण साध्या बाणांच्या ढिगात मिसळत नाहीत आणि त्यांच्यासाठी वेगळे अक्षर खर्ची पडते. म्हणजे ‘सारखे कशाला म्हणायचे’ याचे उत्तर खेळाडूच्या झोळीतील जागेवर थेट परिणाम करते.

याच टप्प्यात आणखी एक धडा दडलेला आहे. तलवारीचा नमुना डिक्शनरीत ठेवून तोच नव्या व्हेरिएबलला, म्हणजे नव्या नावाला, दिला, की दोन तलवारी तयार झाल्या असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात ती एकाच ऑब्जेक्टची दोन नावे असतात. मग शूरवीराने राक्षसावर वार केला, की दूर गावात बसलेल्या व्यापाऱ्याच्या दुकानातील तलवारही बोथट होते. प्रकल्पातील नमुना-संवादात व्यापारी नेमकी हीच तक्रार करतो, आणि चूक दाखवण्याची याहून चांगली रीत मला क्वचितच आढळली आहे. साधी कॉपी केल्यावर धारेचा आकडा वेगळा होतो, पण तलवारीत जडवलेल्या रत्नांची आतील लिस्ट सामायिकच राहते. तेथे आतल्या गोष्टींचीही प्रत काढणारी डीपकॉपी लागते. मार्गदर्शक टिपणात हे दोन ओळींत उरकले आहे, ते किमान पानभर हवे होते.

नकाशाचा टप्पा नेहमीचाच आहे: खोल्यांचा ग्राफ (जोडण्यांचे जाळे), रुंदीनुसार शोध (जवळच्या खोल्या आधी पाहत जाणे), त्यासाठी डेक (दोन्ही टोकांनी वापरता येणारी रांग). लढाईतील पाळ्यांसाठी हीप (सर्वांत लहान नोंद आधी देणारी रचना) वापरायला सांगितले आहे आणि तेथे एक छान अडथळा येतो. वेळ आणि राक्षस यांची जोडी हीपमध्ये टाकली आणि दोन राक्षसांची वेळ सारखी निघाली, तर पायथन राक्षसांचीच तुलना करू पाहतो आणि टाइप-एरर, म्हणजे अशी तुलना करता येत नसल्याची चूक, येते. मधे एक चढता क्रमांक घातला की प्रश्न मिटतो, शिवाय आधी आलेल्याला आधी पाळी मिळते.

खेळ जतन करण्याचा शेवटचा टप्पा छोटा पण बोचरा आहे. खोल्यांना पूर्णांकी क्रमांक दिले असतील, तर जेसनमध्ये (डेटा मजकूररूपात लिहिण्याच्या पद्धतीत) लिहून परत वाचल्यावर ते क्रमांक स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, झालेले असतात, कारण जेसनमध्ये ऑब्जेक्टची की स्ट्रिंगच असावी लागते. परिणामी खेळाडू 7 क्रमांकाच्या खोलीत असूनही ती खोली सापडत नाही आणि की-एरर येते.

आता तपासणीविषयी. येथील स्वयंचलित परीक्षक केवळ पडद्यावर छापलेला मजकूर अपेक्षित मजकुराशी ताडून पाहतो. झोळीचा आकार कसा निवडला, नमुना आणि प्रत वेगळी ठेवली का, याकडे तो पाहतच नाही. म्हणून ‘तलवार-70’ वाला विद्यार्थी थोडी खटपट करून पूर्ण गुण मिळवू शकतो. ज्या प्रकल्पाचा सगळा भर डेटाच्या आकारावर आहे, त्यात हे अक्षम्य आहे. शिवाय परीक्षक ओळींचा क्रमही काटेकोरपणे ताडतो. डिक्शनरी वापरणाऱ्याला त्याचा त्रास नाही, कारण पायथन 3.7पासून नोंदी घातल्याच्या क्रमाने मिळण्याची हमी आहे. किल्ल्यांसाठी सेट (क्रमाची हमी नसलेला संग्रह) वापरणाऱ्याची मात्र पंचाईत होते: स्ट्रिंगचे हॅश (मजकुरावरून काढलेले आकडे) कोड चालवताना प्रत्येक वेळी नव्याने ठरत असल्याने सेटमधील क्रम बदलतो आणि तोच कोड एकदा उत्तीर्ण, एकदा अनुत्तीर्ण ठरतो. छापण्यापूर्वी यादी क्रमवार लावा, अशी सूचना प्रश्नातच असती, तर हा मनस्ताप टळला असता. मदतकक्षाकडे विचारणा केली असता ‘कोड पुन्हा चालवून पाहा’ असे उत्तर मिळाले, जे एका अर्थी खरेही आहे.

लूप आणि फंक्शन यांची सवय झालेल्या विद्यार्थ्याने हा प्रकल्प जरूर घ्यावा. पायथनची पहिलीच ओळख होत असेल, तर तिसरा टप्पा जड जाईल. शिक्षकांनी तो वर्गात वापरायचे ठरवल्यास परीक्षकाच्या गुणांवर विसंबू नये. व्यापाऱ्याला आणि शूरवीराला एकाच नमुन्यातून तलवार देऊन, एक वार करून दोन्हींची धार तपासणारी चाचणी स्वतः जोडावी. ती पाच-सहा ओळींत लिहून होते.