लेटेक्स गादी आणि ॲडजस्टेबल बेड: 8 महिने झोपून बघितल्यावर

गादी आणि बेड दोन्ही घेऊन आता 8 महिने झाले. पहिल्या आठवड्यातच लिहायला बसले होते पण थांबले, ते बरंच झालं, कारण तेव्हाचं माझं मत आणि आत्ताचं मत यात खूप फरक आहे.

आधी आमचा त्रास सांगते म्हणजे कुठून सुरुवात झाली ते कळेल. माझी कंबर सकाळी उठल्या उठल्या इतकी आखडलेली असायची की पहिली पंधरा-वीस मिनिटं वाकताच यायचं नाही. तपासण्या झाल्या, गंभीर काही निघालं नाही, मग लक्ष गादीकडे गेलं. जुनी मेमरी फोमची होती आणि कमरेखाली चांगला खड्डा पडला होता. नवऱ्याचं दुखणं वेगळं, त्याला रात्री आंबट पाणी घशाशी यायचं, ठसका लागून उठून बसायचा, मग उरलेली रात्र तीन उशा रचून अर्धवट बसून काढायचा. उशांनी होतं काय की मान आणि पोट तेवढं दुमडतं आणि पोटावर उलट दाब येतो. ॲडजस्टेबल बेडचा डोक्याकडचा भाग मात्र मोटरने कमरेपासून सरळ उचलला जातो, हा फरक डॉक्टरांनी समजावला तेव्हा तसा बेड घ्यायचा विचार सुरू झाला.

आता गादी लेटेक्सची, म्हणजे रबराच्या फोमचीच का, तर बेड वाकणार म्हटल्यावर गादीही वाकायला हवी. एकमेकींना तारेने जोडलेल्या स्प्रिंगची जुन्या पद्धतीची गादी नीट वाकत नाही, जबरदस्तीने वाकवली तर लवकर खराब होते. मेमरी फोम वाकतो पण त्यात आपण रुततो, कूस बदलायची तर अंग उपसून काढावं लागतं, शिवाय थंडीत तो कडक होतो. लेटेक्स वाकतो आणि लगेच परत उसळतो.

लेटेक्समध्येही डनलॉप आणि तलालाय असे दोन प्रकार. डनलॉप पद्धत 1929 पासूनची, रबराच्या झाडाचा चीक फेटून साच्यात ओततात आणि वाफेवर पक्का करतात. तलालायमध्ये साचा अर्धवट भरून व्हॅक्यूमने फेस फुगवतात, गोठवतात आणि मग तापवतात, त्यामुळे तो जास्त हलका आणि एकसारखा होतो. आम्ही डनलॉप घेतला, कारण तो जास्त घट्ट असतो आणि मला कंबरेला आधार हवा होता. विकणाऱ्याला एक प्रश्न नक्की विचारा, यात नैसर्गिक लेटेक्स किती टक्के आणि सिंथेटिक किती, कारण नुसतं 'नॅचरल' लिहिलेल्या गादीतही भेसळ असू शकते. गॉल्स (ऑरगॅनिक लेटेक्ससाठीचं आंतरराष्ट्रीय मानक) सर्टिफिकेट असेल तर किमान 95 टक्के सर्टिफाइड ऑरगॅनिक माल असावा लागतो. घरात कोणाला लेटेक्सची ॲलर्जी असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

आता माझी चूक. दुकानात दहा मिनिटं आडवी पडले आणि जी सगळ्यात मऊ वाटली ती पसंत केली. दिवसभराच्या थकलेल्या अंगाला मऊ काहीही छान वाटतं हो, पण रात्रभर झोपल्यावर माझे नितंब खाली आणि पाय वर अशी नावेसारखी अवस्था, महिनाभर कंबर आधीपेक्षा जास्त दुखली. नशीब की आमची गादी थरांची आहे, चेनचं कव्हर उघडलं की आत तीन वेगळे थर, वर मऊ, मध्ये मध्यम, खाली कडक. एका रविवारी दोघांनी मिळून थर बदलले, मध्यम वर घेतला आणि मऊ मध्ये घातला. हे काम वाटतं तितकं सोपं नाही, लेटेक्स भयंकर जड असतो आणि धरायला काही नसतं, ओल्या गोधडीसारखा हातातून लोंबतो, आणि कडेला धरून ओढला तर फाटतो, म्हणून गुंडाळी करून उचलायचा. पण त्यानंतर साधारण तीन आठवड्यांत सकाळचं आखडणं निम्म्यावर आलं आणि आता बहुतेक दिवशी नसतंच. म्हणून सांगते, एकसंध ठोकळ्यापेक्षा थर बदलता येणारी गादी घ्या, आणि कुशीवर झोपत असाल तर वरचा थर थोडा मऊ, पाठीवर किंवा पोटावर झोपत असाल तर घट्ट. दुकानदार आयएलडी नावाचा घट्टपणाचा आकडा सांगतात, 20 च्या आसपास म्हणजे मऊ, 30 च्या पुढे कडक, पण आपलं वजन त्यात धरलेलं नसतं, वजनदार माणसाला तोच आकडा मऊ वाटतो.

बेडबद्दल. आम्ही दोन वेगळे बेड शेजारी शेजारी जोडलेत, प्रत्येकाची गादी वेगळी, त्यामुळे त्याचं डोकं वर असलं तरी मी सपाट झोपू शकते. मधली फट जाणवते, खोटं कशाला बोलू, पण त्याच्या कूस बदलण्याने आता मला जाग येत नाही. सुरुवातीला तो डोक्याकडचा भाग खूप वर करायचा आणि पहाटेपर्यंत घसरत पायथ्याशी, माकडहाड दुखायचं. उपाय अगदी साधा निघाला, आधी गुडघ्यांखालचा भाग थोडासा उचलायचा आणि मग डोकं, म्हणजे माणूस घसरत नाही. आता तो जेमतेम 15 अंशांवर, डाव्या कुशीवर झोपतो, आणि ठसका लागून उठणं महिन्यातून एखाद्या वेळेवर आलंय. मला हे बघून किती हायसं वाटतं ते शब्दांत सांगता येणार नाही, वर्षानुवर्षं त्याला अंधारात बसलेलं बघितलंय मी. जास्त कोन फक्त वाचायला, आणि कुशीवर झोपायचं तर कोन कमीच हवा, नाहीतर कंबर बाजूने मुडपते.

गादीची जाडी यात महत्त्वाची. आमची 8 इंच आहे आणि छान वाकते, 12 इंचाची जाड गादी वाकताना अडते आणि मोटरवरही ताण येतो.

बेडने दोनदा त्रास दिला. एकदा डोकं वर असतानाच लाईट गेली आणि बेड तसाच अडकला, तेव्हा कळलं की पॉवर बॉक्समध्ये 9 व्होल्टच्या बॅटऱ्या घालायच्या असतात, त्यावर बेड सपाट होण्यापुरता चालतो, बसवून देणाऱ्याने घातल्याच नव्हत्या आणि सांगितलंही नाही. आज घरी जाऊन तपासाच. दुसऱ्यांदा खालून करकर आवाज यायला लागला, टॉर्च घेऊन आडवी पडून बघितलं तर लोंबती वायर सांध्यात चेपली जात होती, आवरण सोललं होतं. प्लग काढून वायर बदलून घेतली आणि सगळ्या वायरी फ्रेमला बांधून टाकल्या.

बारीकसारीक गोष्टी: नवीन गादीला दोन-तीन आठवडे गोडसर रबरी वास येतो, खिडक्या उघड्या ठेवल्या की जातो. जाड वॉटरप्रूफ प्रोटेक्टर घातला तर गरम होतं आणि लेटेक्सची उसळीही मरते, आम्ही पातळ, ताणला जाणारा घेतला. चादर चारी बाजूंनी इलॅस्टिकची आणि खोल कोपऱ्यांची हवी, नाहीतर बेड वर झाला की निघते. आणि गादीला ऊन दाखवायची सवय असेल तर ही गादी त्यातून वगळा, उन्हाने लेटेक्स पिवळा पडून त्याचा भुगा होतो.

खड्डा पडतोय का हे बघायला परवा कव्हर उघडून या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरी ताणली आणि मी झोपते तिथे पट्टी लावली, अर्धा सेंटीमीटरही नव्हता. जुन्या गादीत तिथे चार बोटं सहज जायची.