पॅसिफिका, स्क्वायर की एपिफोन? शिकाऊ गिटारनंतरची गिटार घेताना

शिकाऊ गिटार आता अपुरी पडायला लागलीय आणि 30 ते 65 हजारांत एकदाच नीट काहीतरी घ्यायचंय असं ज्यांचं झालंय, ते फिरून फिरून याच तिघींपाशी येतात: यामाहा पॅसिफिका 112व्ही, स्क्वायर क्लासिक व्हाइब सिक्स्टीज स्ट्रॅट आणि एपिफोन लेस पॉल स्टँडर्ड. पहिल्या दोन माझ्या घरात आहेत, तिसरी मित्राची, पण ती वर्षभर माझ्याकडेच पडून होती त्यामुळे तीही मनसोक्त वाजवून झालीय. तिन्ही चांगल्या आहेत. म्हणून माझं म्हणणं एवढंच की जे नंतर बदलता येत नाही त्यावरून निवडा. पिकअप (तारांचा आवाज पकडणारे) बदलता येतात, ट्यूनर बदलता येतात, नट (नेकच्या टोकाची, तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) बदलता येतो, पण स्केल, फिंगरबोर्डची म्हणजे नेकच्या बोटं दाबायच्या बाजूची गोलाई आणि खांद्यावरचं वजन हे घेतलं त्या दिवशी जे असतं तेच कायम राहतं.

आधी स्केल, म्हणजे नट ते ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो) तारेची लांबी. पॅसिफिका आणि स्क्वायर दोन्ही 648 मिलिमीटर, एपिफोन साधारण 628. दोन सेंटिमीटरनी काय होतंय असं वाटेल, पण त्याच जाडीच्या तारा त्याच सुरात लावल्या तर आखूड स्केलवर ताण सुमारे 6 टक्के कमी बसतो आणि बोटांना तो लगेच कळतो, तार ओढायला सोपी जाते, फ्रेटही जरा जवळ जवळ येतात. हात लहान असेल, करंगळी ताणताना दुखत असेल तर एपिफोनवर खरंच सुख आहे. लांब स्केलवर 9 चा म्हणजे बारीक तारांचा सेट लावला तर फरक बराच भरून निघतो, पण मग आवाज थोडा बारीक वाटतो काहींना, मला नाही वाटत.

दुसरी गोष्ट गोलाई, आणि आपल्याकडे ज्यांच्या कानात मींड, म्हणजे तार ओढत एका सुरावरून दुसऱ्यावर सरकणं, बसलेली असते त्यांनी इकडे जास्त लक्ष द्यावं. फिंगरबोर्ड सपाट नसतो, एका मोठ्या वर्तुळाच्या तुकड्यासारखा किंचित गोल असतो. स्क्वायरचं ते वर्तुळ साडेनऊ इंची म्हणजे जास्त गोल, एपिफोनचं 12 इंची, पॅसिफिकाचं पावणेचौदा. गोल बोर्डवर कॉर्ड धरताना हात कसा आपोआप बसतो, विशेषतः बार कॉर्ड (एकच बोट सगळ्या तारांवर आडवं धरायची), तासभर वाजवलं तरी अंगठा भरून येत नाही. पण तारा खाली ठेवल्या असतील आणि पंधराव्या फ्रेटवर पहिली तार पूर्ण एक स्वर ओढली की ती वरच्या फ्रेटला घासून मधेच गप्प होते. माझ्या स्क्वायरवर हे सुरुवातीला व्हायचं, तारा जराशा वर घेतल्यावर गेलं. पॅसिफिकावर त्याच जागी तारा तेवढ्याच खाली असल्या तरी सूर शेवटपर्यंत जिवंत राहतो, दोन्ही हातात घेऊन लागोपाठ करून बघा, पाच मिनिटांत समजेल.

वजन. लेस पॉल साधारण 4 किलोच्या घरात, बाकी दोन्ही तिच्याहून हलक्या. खुर्चीत बसून वाजवताना काही नाही पण दोन तासांची उभ्याने प्रॅक्टिस झाली की डावा खांदा बोलतो, रुंद पट्टा घ्याच. आणि अजून एक, लेस पॉलचा हेडस्टॉक (ट्यूनर असतात तो वरचा भाग) मागे कललेला असतो, तिथे लाकूड बारीक झालेलं असतं, त्यामुळे गिटार आडवी पडली की नेमकी तिथेच मोडते. मित्राची एपिफोन खुर्चीला टेकवून ठेवली होती, पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलला, पट्टा ओढला गेला आणि ती फरशीवर आली, नटच्या मागे केसाएवढी चीर. सरस लावून, शिकंज्यात धरून दोन दिवस ठेवली, जुळली, आजही वाजते, पण ती रात्र आम्हाला दोघांना झोप नव्हती. स्टँड घेतल्याशिवाय लेस पॉल घरात आणू नका.

आता आवाजाकडे येतो. स्क्वायरवर तीन सिंगल कॉइल आहेत, एपिफोनवर दोन हंबकर, पॅसिफिकावर दोन सिंगल आणि ब्रिजला एक हंबकर. सिंगल कॉइल म्हणजे एकच वेटोळं, ते तारांचा आवाज तर पकडतंच पण घरातल्या विजेचाही पकडतं. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे अॅम्पमधून जाड तारेच्याही खालची एक घूं सतत येत राहते. आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये ट्यूबलाइटचा चोक आणि पंख्याचा रेग्युलेटर चालू असला की स्क्वायर नुसती गळ्यात घेतली तरी घूं सुरू व्हायची, खुर्ची नव्वद अंशात फिरवून बसलो की जवळजवळ गायब, म्हणून आता खोलीत माझी वाजवायची जागा ठरलेलीच आहे, खिडकीकडे तोंड करून. याच त्रासावर गिब्सन या गिटार कंपनीच्या सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये दोन उलट वेटोळ्यांचा पिकअप काढला, एकात येणारी घूं दुसऱ्यातली घूं खाऊन टाकते, तो हंबकर. आवाज जाड, गोल, डिस्टॉर्शन लावलं तरी शांत. पण स्वच्छ आवाजात स्क्वायरचा नेककडचा पिकअप जी पाण्यासारखी नितळ घंटा वाजवतो ती हंबकरमधून येत नाही, कितीही नॉब फिरवा. ही घंटा ज्याला हवी त्याने घूंसकट स्क्वायरच घ्यावी असं माझं मत आहे.

पॅसिफिकाचा टोनचा नॉब वर ओढला की हंबकरचं एक वेटोळं बंद होतं आणि तो सिंगल होतो, आवाज जरा पडतो, घूं परत येते, पण सोय मोठी आहे. गणपतीतल्या किंवा लग्नातल्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांना एका रात्रीत जुनी गाणी, लावणी, मधेच एखादं रॉक असं सगळं एकाच गिटारवर काढावं लागतं, त्यात स्टेजवर लाइटिंगचे डिमर आणि जनरेटर, तिथे ब्रिजचा हंबकर हाताशी असणं म्हणजे जीव वाचतो. (यामाहाला आपण बाइकवरून ओळखतो, पण कंपनीची सुरुवात 1887 मध्ये पायपेटीपासून झाली, त्या गोल चिन्हात तीन ट्यूनिंग फोर्क आहेत ते म्हणून.)

लाकडावर फार डोकं घालवू नका, या किमतीत पिकअप, अॅम्प आणि सेटअपचा (तारांची उंची, नेक वगैरे जुळवून घेण्याचा) फरक जास्त ऐकू येतो. पण एक गोष्ट मला मनापासून आवडली ती सांगतो. स्क्वायर सिक्स्टीज आणि एपिफोन दोघींच्या फिंगरबोर्डवर शिसवी नाही, 'इंडियन लॉरेल' आहे, आणि हे इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन, सह्याद्रीत फिरताना मगरीच्या पाठीसारखी सालीची खोडं दिसतात तोच. 2017 मध्ये शिसवीच्या जातीतल्या लाकडांच्या परदेशी व्यापारावर कडक नियम आले, तयार वाद्यांना 2019 मध्ये त्यातून सूट मिळाली, तोवर कंपन्या दुसरी लाकडं वापरायला लागल्या होत्या. नवीन असताना ऐन कोरडा, फिकट दिसतो, जवसाचं तेल अगदी दोन थेंब फडक्यावर घेऊन पुसलं की रंग खुलतो. फडकं मात्र नंतर उघड्यावर पसरून वाळवा, बोळा करून टाकलं तर आपोआप पेट घेऊ शकतं.

पैशाचं म्हणाल तर पॅसिफिका तिघींत स्वस्त, मग स्क्वायर, एपिफोन सगळ्यात वर. हातात एकूण 50 हजार असतील तर मी 50 ची गिटार घेणार नाही, पॅसिफिका घेईन आणि उरलेल्यात बरा मॉडेलिंग अॅम्प (वेगवेगळ्या अॅम्पचे आवाज काढणारा), कारण चांगली गिटार फालतू अॅम्पमधून फालतूच वाजते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हेडफोनचं भोक आहे ना तेवढं बघा, शेजारच्या काकूंशी संबंध चांगले राहतात.

तर, काय वाजवायचं ते अजून ठरलं नसेल किंवा सगळंच वाजवायचं असेल तर पॅसिफिका. स्वच्छ आवाज, ब्लूज, फंक, कॉर्डवर जास्त काम, तर स्क्वायर. जड रॉक, लांब टिकणारे स्वर, लहान हात आणि मजबूत खांदा, तर एपिफोन, तिच्यातही फिफ्टीज मॉडेलचा नेक जाड आणि सिक्स्टीजचा सडपातळ, दोन्ही धरून बघितल्याशिवाय ऑर्डर करू नका.

दुकानात गेलात की अॅम्प लावायच्या आधी तशीच वाजवा, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर, कुठे खरखर होते का ऐका. बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून निघणारा सूर) ट्यूनरवर जुळतोय का बघा. ट्रेमोलो (दांडीनं सूर हलवायची सोय) असेल तर दांडी चार-पाच वेळा दाबून परत सूर तपासा. पावसाळ्यात घेतली असेल तर दिवाळीनंतर एकदा सेटअप करून घ्या, हवा कोरडी झाली की नेक थोडा हलतोच, ट्रस रॉडला (नेकच्या आतल्या सळईला) पाव फेरा दिला की बहुतेक वेळा काम होतं.