‘करप्ट झालंय’ म्हणाला आणि अण्णांची डिस्क घेऊन गेला

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं, तेव्हा सगळ्यांचं म्हणणं एकच होतं : अण्णांचं टपाल आहे ना, मग निम्मं काम झालंच. त्यातलं शेवटच्या अडीच वर्षांचं टपाल आज माझ्याकडे नाही. तुमच्या घरातही एखादा जुना कॉम्प्युटर झाकून ठेवलेला असेल आणि त्यातली मेल नव्या लॅपटॉपवर आणायची असेल, तर डिस्क कुणाच्या हातात देण्याआधी माझं काय झालं ते वाचा.

अण्णा माझे चुलते. पोस्टातून निवृत्त झालेले, म्हणून ईमेललाही ते कायम टपालच म्हणायचे. २००४ साली त्यांनी विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर घेतला आणि आउटलुक एक्सप्रेस या मेलच्या प्रोग्रॅममधून गुहागर, दापोली, इंदूर, बडोदा, टोरांटो अशा ठिकाणी पांगलेल्या भाऊबंदांशी पत्रव्यवहार सुरू केला. कुणाचे पणजोबा कुठल्या साली कोकण सोडून गेले, कुणाकडे जुनी सनद आहे, कुणाच्या घरात मुलगा दत्तक आला, सगळं त्या टपालात. प्रत्येक शाखेचं एक फोल्डर, अशी १२ फोल्डर होती. त्यांची मेल सर्व्हरवर, म्हणजे मेल पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रावर, राहत नसे. प्रोग्रॅमने ती उतरवून घेतली की सर्व्हरवरची पुसली जाई. म्हणजे हे सगळं फक्त त्या एका डिस्कवर आहे, असं मी धरून चालले होते.

२०१३ च्या मार्चमध्ये अण्णा गेले. कॉम्प्युटर माडीवर चादरीखाली राहिला. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, तेव्हा खालच्या मजल्यावरचं काही म्हणता काही उरलं नाही. माझी शाळेतली तीस वर्षांची टाचणं त्यात गेली. माडीवरचं वाचलं. अण्णांचा कॉम्प्युटर वाचला याचं मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

गेल्या वर्षी भाच्याने मला नवीन लॅपटॉप आणून दिला, त्यावर थंडरबर्ड हा मेलचा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घालून दिला आणि तो नोकरीवर परत गेला. मी जुना कॉम्प्युटर लावला. चालू झाला. आउटलुक एक्सप्रेस उघडलं, गुहागरच्या फोल्डरमधली तीन पत्रं मी वाचली. मग आतून घरघर आली आणि यंत्र बंद पडलं. दुसऱ्या दिवशी ते सुरूच होईना. म्हणून बाजारपेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याला घरी बोलावलं. दुकानाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण प्रकरण अजून चालू आहे.

तरुण मुलगा, बोलायला नम्र. डबा उघडून त्याने डिस्क बाहेर काढली, एका केबलने स्वतःच्या लॅपटॉपला जोडली आणि थोडा वेळ शोधून म्हणाला, “काकू, यात मेलच दिसत नाहीये.” माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी म्हटलं, काल मी स्वतः वाचलीय. मग त्याने आणखी काही केलं आणि मला एक पत्र उघडून दाखवलं. त्यात मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, प्रश्नचिन्हं यांचा नुसता चिवडा. “बघा, करप्ट झालंय. पूर्ण करप्ट.”

या दोन वाक्यांवर मी फसले, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर सांगते. एक्सपीमध्ये आउटलुक एक्सप्रेसचं टपाल ‘लोकल सेटिंग्ज’ नावाच्या फोल्डरच्या पोटात असतं, आणि ते फोल्डर मुळातच लपवलेलं असतं. लपवलेल्या वस्तू दाखव असं विंडोजला सांगितल्याशिवाय ते कुणालाच दिसत नाही. म्हणजे ‘मेल दिसत नाही’ याचा अर्थ मेल गेली असा होत नाही. आणि तो चिवडा? युनिकोड, म्हणजे मराठी कुठल्याही यंत्रावर मराठीच दिसावं अशी टाइप करायची पद्धत, घरोघरी पोचण्याआधी आपण मराठी शिवाजी, किरण असल्या फॉन्टमध्ये टाइप करायचो. त्यात आतली अक्षरं इंग्रजीचीच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. ज्या यंत्रावर तो फॉन्ट नाही, तिथे पत्र धडधाकट असूनही असाच चिवडा दिसतो. अण्णांच्या कॉम्प्युटरवर ते फॉन्ट होते, त्या मुलाच्या लॅपटॉपवर नव्हते. जुनं मराठी मजकुराचं काम ज्याने हाताळलंय त्याला हे कळायला दोन मिनिटंही लागत नाहीत. त्याला कळलं होतं की नव्हतं, मी सांगू शकत नाही. पण पुढे त्याने जे केलं ते चुकून झालेलं नाही.

डिस्क मुंबईच्या लॅबला पाठवावी लागेल, तिथे धूळ नसलेल्या खोलीत ती उघडतात, खर्च १४,५०० रुपये, त्यातले ६,००० आगाऊ. मी कपाटातून काढून रोख दिले. पावती मागितली तर म्हणाला, काम झालं की एकदम देतो. ज्या डिस्कमधून तो माझ्या डोळ्यांदेखत फाइली उघडत होता, ती लॅबमध्ये फोडायची गरज काय, हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. अशा लॅब खरोखर असतात, पण त्या डिस्क फिरायची बंद झाली किंवा आतलं वाचणारं डोकं मोडलं तर लागतात. बंद पडला होता तो कॉम्प्युटर. डिस्क ठणठणीत होती. पण ‘करप्ट’ हा शब्द एकदा कानात गेला आणि पुढचं मला काही ऐकूच आलं नाही. अण्णांचं नऊ वर्षांचं काम माझ्या हातून जातंय एवढंच डोक्यात होतं.

तीन आठवडे फोन. लॅबमधून आली नाही, उद्या, परवा. मग एक दिवस त्यानेच बोलावलं. दुकानात लॅपटॉपवर आउटलुक उघडून ठेवलेलं होतं आणि डावीकडे अण्णांची फोल्डर ओळीने उभी : गुहागर शाखा, दापोली शाखा, इंदूर, बडोदा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने दोन-तीन पत्रं उघडून दाखवली. मी तिथेच उरलेले ८,५०० फोनवरून पाठवले. पेन ड्राइव्ह घेतला, डिस्क घेतली, घरी आले.

मी फोल्डरची नावं पाहिली. आत पत्रं किती आहेत ते पाहिलं नाही. कुणाचंही असं काम होत असेल तर पैसे द्यायच्या आधी प्रत्येक फोल्डरवर जाऊन आकडा बघा. जुन्यात किती, नव्यात किती. नावं आणणं सोपं असतं.

घरी थंडरबर्डला तो पेन ड्राइव्ह उघडेना. आत एकच फाइल होती, पीएसटी नावाची. माझ्या लॅपटॉपवर थंडरबर्ड आहे हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं आणि तो म्हणाला होता, सगळं सारखंच. ते सारखं नसतं. आउटलुक एक्सप्रेस प्रत्येक फोल्डरची डीबीएक्स फाइल करतं. ऑफिसबरोबर विकत मिळणारं मोठं आउटलुक सगळं एका पीएसटीत कोंबतं. थंडरबर्ड एमबॉक्स ठेवतं, म्हणजे एका फोल्डरची सगळी पत्रं एकाखाली एक लिहिलेली एक साधी मजकुराची फाइल. एकाचं दुसऱ्याला जसंच्या तसं वाचता येत नाही. नावांत साम्य असलं तरी आउटलुक आणि आउटलुक एक्सप्रेस हे दोन वेगळे प्रोग्रॅम आहेत, हेही मला त्या महिन्यात कळलं.

मी फोन केला. तो म्हणाला, आउटलुक विकत घ्या. आणि बोलता बोलता असंही म्हणाला, की थोडा डेटा डिस्कच्या दुसऱ्या तबकडीवर राहिलाय, तो हवा असेल तर आणखी ९,०००. तेव्हा मात्र मी थांबले.

माझा एक जुना विद्यार्थी रत्नागिरीत कॉम्प्युटरचंच काम करतो. त्याला आधी का फोन केला नाही, याचं उत्तर माझ्याकडे नाही. रविवारी तो आला, पेन ड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, “बाई, प्रत्येक फोल्डरमध्ये बरोबर पंचवीस पत्रं आहेत.” १२ फोल्डर, ३०० पत्रं. आणि प्रत्येक पत्राच्या विषयापुढे ‘डेमो’ असा शब्द चिकटलेला. मेलचं रूप बदलून देणारे विकतचे प्रोग्रॅम असतात. त्यातले काही फुकट वापरून बघताना प्रत्येक फोल्डरमधली थोडीच पत्रं बाहेर काढू देतात आणि पैसे भरेपर्यंत असा शिक्का मारतात. माझी डिस्क मुंबईला गेलीच नव्हती. दुरुस्तीवाल्याने तसला प्रोग्रॅम फुकटात उतरवून चालवला आणि त्याचे माझ्याकडून १४,५०० घेतले.

मग माझ्या विद्यार्थ्याने दुकानातून परत मिळालेली डिस्क हातात घेतली. अण्णांच्या कॉम्प्युटरच्या बिलावर ४० जीबी असं लिहिलंय, ते बिल माझ्याजवळ आहे. ही ८० जीबीची होती, कोरी. देताना मी तिच्यावरचा नंबर लिहून ठेवला नव्हता, फोटो काढला नव्हता.

मूळ डिस्क हातात असती तर काय करायला हवं होतं, ते त्याने मला कागदावर काढून दाखवलं. आधी ते लपलेलं फोल्डर शोधून सगळ्या डीबीएक्स फाइली जशाच्या तशा दोन ठिकाणी उतरवून घ्यायच्या, ‘फोल्डर्स’ नावाची फाइलसुद्धा, कारण कुठलं फोल्डर कुणाच्या पोटात ते तिच्यात असतं. मग एक्सपी चालणाऱ्या कुठल्याही यंत्रावर त्या आउटलुक एक्सप्रेसमध्ये आयात करायच्या आणि तिथेच थंडरबर्डची ५२ ही जुनी आवृत्ती टाकायची. एक्सपीवर चालणारी ती शेवटची. ती आउटलुक एक्सप्रेसचं टपाल स्वतः ओढून घेते. मग तिच्या ‘लोकल फोल्डर्स’मधल्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन नव्या थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ठेवायच्या. एका दुपारचं काम, सगळं फुकटात.

“बाई, अण्णांनी कुठे कॉपी ठेवली नव्हती का?” त्याने सहज विचारलं, आणि मला माडीवरचं कपाट आठवलं. अण्णा दर लक्ष्मीपूजनाला चोपडीशेजारी एक सीडी ठेवायचे, तोवरच्या सगळ्या टपालाची. लहानपणी दुकानात वह्या पुजलेल्या पाहिल्या होत्या, ती सवय. सात सीड्या निघाल्या. शेवटची ५ नोव्हेंबर २०१० ची, वर अण्णांच्या अक्षरात ‘एकूण टपाल ७,८४६’.

ती वाचली गेली. पहिल्या वेळी आउटलुक एक्सप्रेसने आयात करायला नकार दिला आणि मी पुन्हा घाबरले. पण कारण साधं होतं. सीडीवरून उतरवलेल्या फाइलींवर ‘फक्त वाचण्यासाठी’ अशी खूण राहते आणि ती असताना प्रोग्रॅम त्या घेत नाही. फाइली निवडून ती खूण काढली आणि १२ फोल्डर भरत गेली. शेवटी बेरीज केली : ७,८४६. किरण आणि शिवाजी फॉन्ट लॅपटॉपवर टाकले आणि ज्या पत्राचा मला चिवडा दाखवला होता, ते पत्र लख्ख मराठीत उघडलं. दापोलीच्या एका आजींनी सांगितलेली पाच पिढ्यांची नावं होती त्यात.

आम्ही दोघे दुकानात गेलो. तो म्हणाला, हीच तुमची डिस्क. पोलिसांनी अर्ज घेतला, पण पावती विचारली. माझ्याजवळ पुरावा फक्त ८,५०० चा, तो फोनवरून दिले म्हणून. रोख दिलेल्या ६,००० ला काही आधार नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, आणि तक्रार करण्याआधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. माझ्या आतेभावाचं प्रकरण याहून वाईट. त्याने मेल हलवायला मदत हवी म्हणून इंटरनेटवर सापडलेल्या नंबरवर फोन केला. पलीकडच्याने त्याची स्क्रीन आपल्याकडे घेतली आणि खात्यातून पैसे गेले. असं झालं तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा. त्याने लाजेपोटी दोन दिवस घालवले.

आता माझं काम उरलंय ते नोव्हेंबर २०१० ते मार्च २०१३ मधल्या टपालाचं. अण्णांची पत्रं गेली, पण ज्यांनी ती पाठवली किंवा ज्यांना ती आली, त्यांच्याकडे ती असू शकतात. मी एकेकाला फोन करतेय. टोरांटोच्या बहिणीला तिच्या जुन्या खात्यात ४१ सापडली. बडोद्याच्या काकांनी २०१५ साली सगळं पुसून टाकलंय. इंदूरच्या वहिनींकडे नक्की होती, त्यांनीच अण्णांना सनदेचे फोटो पाठवले होते. त्या दोन वर्षांपूर्वी गेल्या आणि त्यांच्या खात्याचा पासवर्ड मुलाला माहीत नाही. तो त्यांच्या जुन्या वह्या चाळतोय. काल रात्री त्याचा फोन आला, एक वही अजून बघायची राहिलीय म्हणाला.