‘सेव्हन’ची श्रेयनामावली: ‘स्किप’ दाबू नका

दिग्दर्शक डेव्हिड फिंचरच्या ‘सेव्हन’ या खूनकथेच्या चित्रपटाची (१९९५) सुरुवातीची श्रेयनामावली जेमतेम दोन मिनिटांची. डिझायनर काइल कूपरने केलेली.

ती पहिल्या प्रसंगानंतर येते, आणि इथेच अर्धी बाजी मारली आहे. म्हातारा डिटेक्टिव्ह बिछान्यात पडलाय, शेजारी मेट्रोनोम (ताल धरणारं यंत्र) एका लयीत टकटकतोय. त्या शिस्तीतून आपण थेट नाइन इंच नेल्स या बँडच्या एका गाण्याच्या खरखरीत रिमिक्समध्ये आदळतो.

खुन्याचा चेहरा दिसतच नाही, फक्त हात. ब्लेडने बोटांची कातडी सोलणं, सुई-दोऱ्याने वह्यांची पानं शिवणं, नोटेवरचा ‘गॉड’ शब्द कापून काढणं. सगळं इतक्या जवळून की पूर्ण वस्तू कधी हाती लागत नाही. बोटं का सोलतोय, ते पुढे बोटांच्या ठशांचा विषय निघाल्यावर कळतं. म्हणजे पुरावा आधीच समोर ठेवलाय, फक्त अर्थ उशिरा लागतो.

अक्षरं काळ्या थराच्या बोर्डावर हाताने खरवडलेली, मग फिल्मवर उतरवताना मुद्दाम थरथरवलेली. काही नावं धड वाचता येत नाहीत; कलाकारांवर थोडा अन्यायच! खुन्याचं काम करणाऱ्या केव्हिन स्पेसीचं नाव तर इथे नाहीच. ते ठेवलं असतं तर प्रेक्षक तासभर त्याचीच वाट बघत बसला असता.

नक्कल करणारे नेमके इथे फसतात. अक्षरं हलवतात, ओरखडे टाकतात, पण शॉटमध्ये माहिती शून्य.

हेडफोन लावून बघा. आणि शेवटीही उठू नका, तिथली नामावली नेहमीच्या उलट, वरून खाली सरकते.